चवथीपासून नवीन वर्षापर्यंतचे फटाके: घरची कुत्री-मांजरे, गोठ्यातली गुरे आणि बोंडल्याची जनावरे

प्रश्न
अंत्रुजवासी (फोंडा)

सर्व सभासदांना नमस्कार. आमच्या घरी पाच वर्षांचा एक गावठी कुत्रा आहे. एरवी तो चांगला धीट आहे. कुळागरात (सुपारीच्या बागेत) रानडुक्कर शिरले तरी मागे हटत नाही. मात्र गेल्या चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, आरती संपून वाड्यावर माळा आणि सुतळी बॉम्ब वाजू लागले, तेव्हा तो न्हाणीत पळाला आणि भाणाच्या (पाणी तापवायच्या हंड्याच्या) मागच्या अरुंद जागेत अंग कोंबून बसला. बाहेर काढून खोलीत ठेवले, तर त्याने दार इतके ओरबाडले की नखांतून रक्त आले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्याने अन्नाला तोंड लावले नाही. दिवाळीत हाच प्रकार पुन्हा झाला, आणि या पावसाळ्यात ढगांचा गडगडाट झाला तरी तो थरथरू लागला आहे. सर्वांत वाईट म्हणजे परवा शेजारी आरतीत वाजवायच्या घुमट या वाद्याचा सराव चालू झाला, तेव्हा एकही फटाका वाजलेला नसताना तो उठून न्हाणीकडे निघाला.

चवथ जवळ आली आहे, म्हणून विचारतो. शेजारचे एक गृहस्थ त्या रात्री माणसांची झोपेची गोळी अर्धी करून द्यावी असे सुचवतात. ते योग्य आहे का? घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात की घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतले, कुरवाळले, तर तो अधिकच भित्रा होतो. यात कितपत तथ्य आहे?

दुसरा प्रश्न थोडा वेगळा आहे. आमचे घर उसगावच्या बाजूला आहे आणि लग्नसराईत दूरवरच्या सभागृहांतील आतषबाजी आम्हाला स्पष्ट ऐकू येते. आपल्या गोव्यातले बोंडल्याचे प्राणिसंग्रहालय तिथून फार लांब नाही. आमच्या कुत्र्याला निदान दार लावून घेण्याजोगी खोली आहे. पिंजऱ्यातील आणि कुंपणातील जनावरांचे अशा वेळी काय होते, आणि त्यांच्यासाठी कोणी काही करू शकते का? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.


उत्तर
पशुवैद्य (सासष्टी)

तुम्ही घुमटाविषयी जे लिहिले आहे, तीच या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाची खूण आहे. आधी घुमट, मग कापराचा वास, मग माणसांचा गलबला आणि शेवटी स्फोट, हा क्रम तुमच्या कुत्र्याच्या मनात पक्का बसला आहे आणि भीती आता क्रमाच्या पहिल्या पायरीपर्यंत मागे सरकली आहे. पावसातील गडगडाटाची भीतीही अशीच फटाक्यांच्या भीतीतून पसरली असावी. उपाय केला नाही, तर ती दरवर्षी थोडी थोडी वाढत जाईल. आवाजाची सवय होऊन कुत्रा आपोआप सावरेल ही आशा अनेक जण बाळगतात, पण अचानक आणि अनियमित होणाऱ्या मोठ्या स्फोटांच्या बाबतीत बहुधा उलटेच घडते.

याचे कारण आवाजाच्या स्वरूपात आहे. माणसाला साधारण 20 ते 20,000 हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. कुत्र्याला सुमारे 45,000 हर्ट्झपर्यंत, तर मांजराला 60,000 हर्ट्झच्याही पलीकडचे ऐकू येतात. फटाक्यांबाबतच्या आपल्याकडील नियमानुसार फुटण्याच्या जागेपासून 4 मीटर अंतरावर 125 डेसिबलपेक्षा अधिक आवाज करणारा फटाका बनवता किंवा विकता येत नाही. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो, म्हणजे नियमात बसणारा फटाकासुद्धा 32 मीटरवर 107 डेसिबलच्या आसपास भरतो. आपल्या वाड्यांवर दोन घरांत एवढेही अंतर नसते. माणसाला वात पेटलेली दिसते, तो कानांवर हात ठेवतो आणि स्फोटाची वाट पाहतो. कुत्र्याला यातले काहीच कळत नाही. आवाज कुठून आला, पुढचा कधी येणार, पळावे तर कुठे, हे त्याला ठरवता येत नाही, आणि त्याचे शरीर मात्र जिवावर बेतल्यासारखे पळण्याच्या तयारीत राहते.

भीतीची लक्षणे पुष्कळदा थरथरण्याच्या बरीच आधी दिसतात. कुत्रा वारंवार जांभया देतो, ओठ चाटतो, शेपटी पोटाखाली घेतो, बुबुळे मोठी होतात, धाप लागते आणि लाळ गळते. कुत्र्याला घाम मुख्यतः पंजांच्या गाद्यांतून येतो. त्यामुळे घाबरलेला कुत्रा लाल सिमेंटच्या कोरड्या जमिनीवरून गेला की ओलसर पंजे उमटलेले दिसतात. हे ठसे दिसू लागले की आता उपाय सुरू करण्याची वेळ झाली, असे समजावे. दार ओरबाडण्यापर्यंत थांबू नये. हा प्रश्न एकट्यादुकट्या कुत्र्याचा नाही. फिनलंडमध्ये सुमारे 13,700 कुत्र्यांच्या पाहणीत, जी 2020 मध्ये प्रसिद्ध झाली, 32 टक्के कुत्र्यांना कोणत्या ना कोणत्या आवाजाची आणि 26 टक्के कुत्र्यांना फटाक्यांची भीती असल्याचे आढळले.

जवळ घेण्याबाबत वडीलधाऱ्यांचा समज आदरपूर्वक बाजूला ठेवावा. बक्षीस दिल्याने वाढते ते वर्तन. भीती ही भावना आहे आणि आधार दिल्याने ती वाढत नाही. कुत्रा जवळ आला तर त्याला जवळ बसू द्यावे, शांत आवाजात बोलावे, आणि तो लपून बसला असेल तर त्याला ओढून बाहेर काढू नये. भाणाच्या मागची जागा त्याने स्वतः निवडलेली आहे. तिथून काढून कोंडल्यामुळेच दार ओरबाडले गेले असण्याची शक्यता मला अधिक वाटते. या वर्षी तिथेच एक जुनी गोधडी घालावी आणि न्हाणीचे दार उघडे ठेवावे. 2020 मध्येच स्वित्झर्लंडमधील बर्न विद्यापीठातून प्रसिद्ध झालेल्या कुत्र्यांच्या मालकांच्या एका पाहणीत, प्रत्येक स्फोटानंतर लगेच आवडता खाऊ देण्याचा किंवा खेळण्याचा उपाय 70 टक्क्यांहून अधिक मालकांना उपयोगी पडल्याचे दिसले. क्रम मात्र सांभाळायला हवा: आधी स्फोट, मग खाऊ. खाऊ आधी दिला, तर तोच पुढच्या स्फोटाची खूण ठरू शकतो.

झोपेच्या गोळीबद्दल माझे मत स्पष्ट आहे. माणसांचे कोणतेही औषध अंदाजाने देऊ नये. त्याचबरोबर एक गोष्ट पशुवैद्यांकडूनही विचारून घ्यावी. पूर्वी अशा वेळी असेप्रोमाझिन सर्रास दिले जाई. त्याने शरीर सुस्तावते, कुत्रा गप्प पडून राहतो आणि घरच्यांना वाटते की तो शांत झाला. प्रत्यक्षात त्याला सगळे ऐकू येत असते, भीतीही तेवढीच असते, फक्त हलता येत नाही. म्हणून ते एकटे वापरू नये, असे आज मानले जाते. ट्रॅझोडोन, गॅबापेंटिन, अल्प्राझोलॅम किंवा हिरडीवर लावायचे डेक्समेडेटोमिडिनचे जेल, यांपैकी तुमच्या कुत्र्याला काय चालेल हे त्याचे वजन, हृदय आणि यकृत तपासूनच ठरवता येते. गॅबापेंटिनचे माणसांसाठीचे काही द्रवरूप प्रकार झायलिटॉलने गोड केलेले असतात आणि झायलिटॉल कुत्र्यासाठी विषारी आहे. औषधाचे नाव बरोबर असूनही बाटली चुकीची असू शकते, ती अशी. मांजराला तर पॅरासिटामॉलची एक गोळीही प्राणघातक ठरते.

घराबद्दल थोडे लिहितो. चवथीला आपण मूळ घरी जातो, आणि जुन्या नळ्यांच्या घरात माडी नसली तर आवाज छपरातून थेट खाली येतो. राजांगण (घरामधला मोकळा चौक) असेल तर तिथूनही येतो. म्हणून बाहेरची भिंत नसलेली, शक्यतो सामान भरलेली आतली खोली निवडावी. पंखा चालू ठेवावा, कारण भाद्रपदात आणि दिवाळीत आपल्याकडे उकाडा असतो आणि बंद खोलीत धापा टाकणारा कुत्रा उष्माघाताने दगावू शकतो. पाणी भरपूर ठेवावे. फेरी आणि जेवण अंधार पडण्यापूर्वी उरकावे. पाहुण्यांच्या ये-जा मुळे चवथीत दारे सताड उघडी असतात आणि हरवणारी कुत्री बहुतेक याच वेळी निसटतात. गळ्यातल्या पट्ट्यावर फोन नंबर पक्क्या शाईने लिहिलेला असावा. मांजराने उंचावरची किंवा कपाटातली जागा धरली, तर तिला तिथेच राहू द्यावे. पिंजऱ्यातले पाळीव पक्षी अंधारात दचकून जाळीवर आदळतात. त्यांचा पिंजरा आत घेऊन अर्धा झाकावा आणि मंद दिवा ठेवावा.

ध्वनिमुद्रित फटाके अगदी हळू आवाजात ऐकवून, सोबत खाऊ देत आवाज हळूहळू वाढवण्याची पद्धत चांगली आहे, पण तिला दोन-तीन महिने लागतात. या चवथीसाठी आता उशीर झाला आहे. घुमटाबाबत मात्र आजपासून सुरुवात करता येईल. सराव ऐकू येऊ लागला की रोज त्याला काहीतरी फार आवडीचे द्यावे, आणि घुमटानंतर दरवेळी स्फोट होत नाही, हे त्याला पुन्हा पुन्हा अनुभवू द्यावे.


उत्तर
गोठ्याची मालकीण (सत्तरी)

डॉक्टरांनी कुत्र्या-मांजरांबद्दल सविस्तर लिहिले आहे. गुरांबद्दल मी चार ओळी लिहिते, कारण गोठ्याचा विचार या चर्चांत सहसा कोणी करत नाही. गायीचा पान्हा हा तिच्या निवांतपणावर अवलंबून असतो. कासेतले दूध खाली उतरते ते ऑक्सिटोसिनमुळे, आणि घाबरलेल्या गायीच्या रक्तात ॲड्रेनलिन चढले की ते काम अडते. दिवाळीच्या पहाटे नरकासुराचे पुतळे जळतात, त्यांच्या पोटात भरलेले फटाके एकदम फुटतात, आणि नेमकी तीच आमची धार काढण्याची वेळ असते. गाय पान्हा चोरते, बादलीला लाथ मारते, आणि कासेत राहिलेल्या दुधामुळे पुढे कास दुखरी होण्याची भीती असते. गाभण गाय दाव्याला हिसके देऊन घसरली, तर नुकसान फार मोठे होते.

मला याचे अधिक वाईट वाटते ते लगेच येणाऱ्या पाडव्यामुळे. आपल्याकडे पाडवा हा गोरवांचा, म्हणजे गुरांचा, पाडवा आहे. त्या दिवशी आम्ही गुरांना न्हाऊ घालतो, झेंडूच्या माळा घालतो, पोळे खाऊ घालतो, आणि जेमतेम एक-दोन दिवस आधी त्याच गुरांना दावणीला बांधलेल्या स्थितीत तो आवाज सोसावा लागतो. कुत्रा निदान पळून लपू शकतो. आमच्या वाड्यावरील मुलांना मी गोठ्यात बोलावून गायीच्या छातीवर हात ठेवायला लावला, तेव्हापासून ती मुले नरकासुर गोठ्यापासून लांब, शेताच्या टोकाला नेऊन जाळतात. कुठे तक्रार करावी लागली नाही.


उत्तर
पाणथळप्रेमी (तिसवाडी)

मूळ प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे वळतो. पक्षी पाहण्याच्या निमित्ताने माझे राज्यभर फिरणे होते आणि हा विषय मला फार दिवसांपासून छळतो आहे.

प्राणिसंग्रहालयातील जनावरांवर फटाक्यांचा काय परिणाम होतो, याचे अलीकडचे आणि फार दुःखद उदाहरण स्कॉटलंडमधील एडिनबरा येथील आहे. तिथल्या प्राणिसंग्रहालयात नोव्हेंबर 2024 मध्ये, फटाक्यांच्या त्यांच्या सणाच्या रात्री, रॉक्सी नावाचे तीन महिन्यांचे लाल पांडाचे पिल्लू उलटी घशात अडकून मरण पावले. फटाक्यांच्या आवाजाचा ताण हे त्यामागचे कारण असावे, असे तेथील पशुवैद्यांनी सांगितले. पिल्लाची आई पाचच दिवस आधी अचानक गेली होती आणि तिच्याही मृत्यूशी फटाक्यांचा संबंध असू शकतो, असे त्यांचे मत होते. पिल्लाला आत जाण्यासाठी निवारा उपलब्ध होता, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. आसरा असूनही तो पुरला नाही. त्याच्या कितीतरी आधी, 1994 मध्ये, कोपनहेगनच्या प्राणिसंग्रहालयात एक ओकापी (जिराफाच्या कुळातले जनावर) शेजारच्या उद्यानातील ऑपेराच्या तालमीच्या आवाजाने ताण येऊन दगावली होती. तिथे तर फटाकाही नव्हता. आतषबाजीबरोबर आगीचा धोका येतो तो वेगळाच. जर्मनीतील क्रेफेल्ड येथे 2020 सालच्या पहिल्या रात्री आकाशात सोडलेल्या कागदी कंदिलांमुळे वानरगृहाला आग लागली आणि ओरांगउटान, गोरिला यांच्यासह 30 हून अधिक प्राणी जळून मेले.

बोंडल्याचे अभयारण्य जेमतेम 8 चौरस किलोमीटरचे आहे. आवाजाच्या दृष्टीने एवढे रान म्हणजे फारसा आडोसा नव्हे, आणि रात्रीच्या शांततेत दरीतून आवाज लांबवर जातो. तिथल्या जनावरांपैकी मला सर्वांत अधिक काळजी चितळ आणि सांबर यांची वाटते. बिबट्या किंवा अस्वल आपल्या आतल्या कोठडीत जाऊन बसू शकते. हरणांचा कळप मात्र एकाने उसळी घेतली की सगळाच उधळतो आणि अंधारात जाळीच्या कुंपणावर आदळतो. माना मोडतात, शिंगे अडकतात. ज्यांना वरून काहीच लागलेले दिसत नाही, त्यांच्याही बाबतीत भीतीने बेफाम धावल्यामुळे स्नायूंचे तंतू फुटतात, त्यातून सुटलेले द्रव्य मूत्रपिंडांत साचते, आणि जनावर काही तासांनी किंवा काही दिवसांनी मरते. तोपर्यंत त्या रात्रीच्या आतषबाजीशी त्या मृत्यूचा संबंध जोडणारे कोणी उरलेले नसते. म्हणून अशा घटना नोंदींत क्वचितच सापडतात, असे मला वाटते.

कायदा इथे आपल्या बाजूने आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 यातील कलम 38जे नुसार प्राणिसंग्रहालयातील प्राण्यांना चिडवणे, इजा करणे, खाऊ घालणे यांबरोबरच आवाज करून त्यांना त्रास देणेही मनाई आहे. आपण ते कलम फक्त पिंजऱ्यासमोर आरडाओरडा करणाऱ्या पर्यटकांपुरते समजतो. कुंपणाबाहेरून येणाऱ्या स्फोटाचाही त्याच दृष्टीने विचार व्हावा, असे माझे ठाम मत आहे, आणि सण किंवा लग्नसराई सुरू होण्यापूर्वी आसपासच्या पंचायतींनी आणि सभागृहांच्या मालकांनी वन खात्याशी एकदा बोलून घ्यायला काहीच हरकत नाही.

ज्यांना पिंजराही नाही, त्यांचे हाल आपल्याला दिसतच नाहीत. नेदरलँड्समध्ये हवामानाच्या रडारवरून सलग तीन नववर्षांच्या रात्रींचा अभ्यास झाला, तो 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. मध्यरात्रीनंतर काही मिनिटांतच हजारो पाणपक्षी उठून सुमारे 500 मीटर उंचीपर्यंत जातात, असे त्यात दिसले. अमेरिकेत अर्कान्सा राज्यातील बीब या गावी 2010 च्या शेवटच्या रात्री फटाक्यांनी रातथाऱ्यावरून उठवलेले काही हजार लाल खांद्यांचे काळे पक्षी अंधारात घरांवर आणि झाडांवर आपटून मेले. आपल्याकडे डिसेंबरअखेरीस करमळीच्या तळ्यात अडई, तलवार बदके आणि इतर पाहुणे पक्षी उतरलेले असतात. तळ्याला लागूनच कोकण रेल्वेचा मार्ग आहे. गाडी धडधडत गेली तरी बदके फारशी विचलित होत नाहीत, कारण तो आवाज दुरून हळूहळू वाढत येतो आणि ठरल्या दिशेने निघून जातो. एखादा बाण मात्र डोक्यावर फुटला, की सगळे तळे एकदम रिकामे होते.

मोरजी, आश्वे, आगोंद आणि गालजीबाग इथल्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवांचा अंडी घालण्याचा हंगाम साधारण नोव्हेंबरपासून सुरू होतो, म्हणजे नाताळ आणि नवे वर्ष त्याच्या ऐन मध्ये येतात. वाळूवर चढणारी मादी उजेडाने आणि गोंगाटाने बिचकून अंडी न घालताच पाण्यात परतते. पिल्ले बाहेर आली की क्षितिजावरच्या उजेडाकडे धावतात, आणि त्या रात्री उजेड समुद्राच्या बाजूला नसतो.


उत्तर
माशेलचा भाविक

मी आमच्या भागातील एका देवस्थानच्या उत्सव समितीवर काम करतो, म्हणून थोडी वेगळी बाजू मांडतो. वरील सर्व मजकूर मी लक्षपूर्वक वाचला आणि त्यातील वेदना मला मान्य आहे. परंतु जत्रेचे दारूकाम हा आमच्याकडे सेवेचा भाग समजला जातो. ते नवसाचे असते, आणि पालखी बाहेर पडताना गरनाळीचा आवाज झाला नाही तर ज्येष्ठांना उत्सव अपुरा वाटतो. चर्चच्या फेस्तालाही तसेच आहे. ते सगळे बंद करा, असे सांगत कोणी आले, तर चर्चा तिथेच संपेल.

मात्र माझा अनुभव असा आहे की, प्राण्यांना अधिक त्रास देवळासमोरच्या ठरलेल्या अर्ध्या तासाचा होत नाही. तो दिवसभर, रात्रभर कुठेही, केव्हाही वाजणाऱ्या माळांचा होतो. दारूकामाची वेळ आम्हाला पंचांग पाहून आधीच ठाऊक असते. कार्तिकापासून वैशाखापर्यंतच्या जत्रा आणि काले यांच्या तारखा तर वर्षभर आधी सांगता येतात. मग ती वेळ निमंत्रणपत्रिकेवर आणि फलकावर छापायला अडचण कोणती? गेल्या जत्रेपासून आम्ही ती छापतो, आणि गोठेवाले, कुत्री पाळणारे, तान्ह्या मुलांच्या आया, आजारी माणसे असलेली घरे, सर्वांनी त्याबद्दल समाधान व्यक्त केले आहे. दारूकामाची जागाही आम्ही वडाच्या झाडापासून दूर नेली, कारण त्या वडावर वटवाघळे आणि बगळे असतात.

नियमांचीही माहिती असावी. ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत आवाजाचे फटाके वाजवता येत नाहीत, आणि इस्पितळे, शाळा, न्यायालये यांच्यापासून 100 मीटरपर्यंतच्या शांतता क्षेत्रात ते केव्हाच वाजवता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने 23 ऑक्टोबर 2018 रोजी दिलेल्या निकालात दिवाळीसाठी रात्री 8 ते 10, तर नाताळ आणि नववर्षासाठी रात्री 11.55 ते 12.30 अशी वेळ ठरवली आणि फटाक्यांच्या लांब माळांवर बंदी घातली. पहाटे जळणारे नरकासुर यात कुठे बसतात, याचा विचार तरुण मंडळांनी प्रामाणिकपणे करावा. हरित फटाक्यांबद्दल सांगायचे, तर त्यांचा मुख्य लाभ धूर आणि सूक्ष्म कण कमी होण्यात आहे. पेटीवर तो शिक्का दिसला म्हणून कुत्र्याला त्रास होणार नाही, असे समजू नये. त्यापेक्षा आवाजाऐवजी रंग आणि उजेड देणारे प्रकार निवडावेत. इटलीतील कोलेक्कियो या गावाने 2015 पासून कमी आवाजाचीच आतषबाजी करण्याचा नियम केला आहे. आपल्या देशातही तमिळनाडूत शिवगंगा जिल्ह्यातील वेट्टंगुडी पक्षी अभयारण्याजवळचे गावकरी पक्ष्यांसाठी अनेक दशकांपासून दिवाळीला फटाके वाजवत नाहीत, आणि म्हणून त्यांची दिवाळी उणी झाली असे कोणी म्हणत नाही.


मूळ प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद
अंत्रुजवासी (फोंडा)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. माशेलच्या भाविकांनी सांगितलेला मार्ग आमच्या वाड्यावर मांडण्यासारखा आहे. आमच्याकडे आरती घरोघर फिरत होते, त्यामुळे प्रत्येक घरानंतर वेगळे फटाके वाजतात आणि संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत खंड पडत नाही. सगळ्या आरत्या संपल्यावर, 10 वाजण्याच्या आत, मैदानात एकदाच काय ते वाजवावे, असे मी येत्या बैठकीत सुचवणार आहे. बोंडल्याच्या बाबतीत आमच्या पंचायतीला लेखी निवेदन देण्याचा विचार आहे. त्यात कलम 38जे चा उल्लेख करीन. ज्यांना त्यावर सही करायची इच्छा असेल त्यांनी इथेच कळवावे.

डॉक्टरांना एक शंका विचारतो. तपासणी करून त्यांच्यासारख्या जाणकारांनी गोळी लिहून दिली, तर ती थेट चवथीच्या दिवशी प्रथमच द्यावी का, आणि किती आधी?


उत्तर
पशुवैद्य (सासष्टी)

प्रथमच चवथीच्या दिवशी मुळीच देऊ नये. एकाच औषधाला सगळी कुत्री सारखा प्रतिसाद देत नाहीत. काहींना गुंगी अधिक येते, आणि क्वचित एखादा कुत्रा शांत होण्याऐवजी उलट अस्वस्थ होतो. ते सणाच्या गर्दीत कळण्यापेक्षा एखाद्या शांत दिवशी, घरात कोणीतरी जागे आणि लक्ष ठेवून असताना कळलेले बरे. म्हणून चवथीच्या निदान आठवडाभर आधी एकदा चाचणीची मात्रा द्यावी.

वेळेबाबत बोलायचे, तर यांपैकी बहुतेक गोळ्यांचा परिणाम जाणवायला दीड ते दोन तास लागतात, आणि कुत्रा एकदा घाबरला की तीच गोळी तितकीशी लागू पडत नाही. यासाठीच तुमच्या वाड्यावर फटाक्यांची एक वेळ ठरली, तर औषधाचाही खरा उपयोग होईल. रात्री 9 वाजता फटाके असतील, तर गोळी 7 पर्यंत पोटात गेलेली असावी, आणि ती खाण्यासोबत द्यायची की रिकाम्या पोटी, हे लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारून घ्यावे. चाचणीच्या दिवशी गोळी दिल्यापासून किती वेळाने तो सुस्तावला, चालताना पाय लटपटले का, पाणी प्यायला का, हाक मारल्यावर मान वर केली का आणि पूर्ववत व्हायला किती तास लागले, हे कागदावर लिहून तो कागद त्यांना दाखवावा, म्हणजे चवथीच्या रात्रीची मात्रा त्यांना नेमकी ठरवता येईल.